माग तोच, पत्ते नवे : हातातल्या गेमयंत्राची दुरुस्ती आणि गिऱ्हाइकाची अमानत

आमचे पौडचे दुकान कापडाचे. साड्या, ड्रेसचे कापड, शाळेच्या गणवेशाचे थान आणि लग्नसराईत आहेराचे टॉवेल-टोपी. कापडाच्या दुकानदाराने गेमच्या यंत्रावर लिहावे हे वाचकांना विचित्र वाटेल. पण दुकानाच्या डाव्या अंगाला सहा फुटांची जागा आम्ही आमच्या भाच्याला दिली आहे. तो तेथे मोबाईल दुरुस्त करतो. गेल्या दोन वर्षांत त्याच्या टेबलावर एक नवी वस्तू येऊ लागली. तळहाताएवढे यंत्र, वर पडदा, खाली बटणे, आणि आत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे गेम. मुळशी तालुक्यात हिंजवडीचे आयटी पार्क आहे, लवळ्याला मोठी विद्यापीठे आहेत, पिरंगुटला कारखाने आहेत. तेव्हा अशी यंत्रे या भागात फिरू लागली यात नवल नाही.

या यंत्रांचे सॉफ्टवेअर बदलून देणे हे आता एक छोटे काम झाले आहे. मोबाईलच्या धंद्यातल्या आपल्या मुलांना त्यात रोजी आहे. पण त्यात एक खड्डाही आहे. त्या खड्ड्यात आमचा भाचा पडला, आणि त्याच्याबरोबर आम्हीही. म्हणून हा लेख.

गाय कुठे गेली?

मे महिन्यातली गोष्ट. पिरंगुटच्या एका कारखान्यात काम करणारे गृहस्थ मुलीला घेऊन दुकानी आले. मुलगी दहा-अकरा वर्षांची. तिचे गेमयंत्र मध्येच अडकत होते, बॅटरी किती उरली ते दाखवत नव्हते. भाच्याने पाहिले आणि सांगितले, "दादा, यंत्र चांगलं आहे. आतली सिस्टीम जुनी आहे. नवी टाकून देतो, संध्याकाळी या." मजुरी ठरली तीनशे रुपये.

संध्याकाळी यंत्र तयार होते. पडदा सुरेख, बॅटरीचा आकडा कोपऱ्यात, अडकणे बंद. गृहस्थ खूश झाले. मुलीने यंत्र हातात घेतले, आपला गेम उघडला आणि थोडा वेळ गप्प राहिली. तो शेतीचा गेम होता. नांगरायचे, पेरायचे, गुरे पाळायची. वर्षभर ती रोज थोडे थोडे खेळत होती. तिने वडिलांकडे पाहिले आणि विचारले, "पप्पा, माझी गाय कुठं गेली?"

गाय नव्हती, गोठा नव्हता, शेतही नव्हते. गेम पहिल्या दिवसापासून सुरू होत होता. भाच्याने त्याच कार्डावर नवी सिस्टीम लिहिली होती आणि आधी नक्कल काढून ठेवली नव्हती.

भाच्याच्या तोंडून पटकन निघाले, "दादा, तुमचं कार्डच खराब होतं. त्यात माझा काही..." पुढचे शब्द आम्ही बोलू दिले नाहीत. गल्ल्यावरून उठलो आणि त्याला विचारले, "बेटा, कार्ड खराब होतं का?" तो खाली पाहू लागला. "नाही मामू. मी कॉपी घेतली नाही."

वाचकहो, बाजारातला तो प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी मदरशात ऐकला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला माल ओला लागला. पावसाने भिजला असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही, गिऱ्हाइकाला दिसला असता, असे त्याला विचारण्यात आले. माल भिजणे हा त्याचा दोष नव्हता, झाकणे हा दोष होता. आमच्या भाच्याची चूक झाली ती दुपारी. संध्याकाळी तो ती झाकू पाहत होता, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी होती.

आम्ही त्या गृहस्थांना सरळ सांगितले, "भाऊ, चूक आमची आहे. तुमचं कार्ड चांगलं होतं. आम्ही नक्कल न घेता पुसलं." पैसे घेतले नाहीत. नवे कार्ड आमच्या खर्चाने दिले. ते रागावले. "चाचा, पोरगी वर्षभर खेळत होती," एवढेच म्हणाले आणि निघून गेले. मुलगी रडली नाही. रडली असती तर आम्हाला बरे वाटले असते.

जुने कार्ड ठेवून घेऊन भाच्याने रात्री दोन वाजेपर्यंत ते परत मिळवण्याची खटपट केली. पुसलेल्या फाईली शोधणारे एक फुकट सॉफ्टवेअर असते. त्याने काही चित्रे मिळाली, पण शेत मिळाले नाही. कारण असे की ही सॉफ्टवेअरे फाईलच्या सुरुवातीची ठराविक खूण पाहून ती ओळखतात. चित्राला अशी खूण असते, जुन्या गेमच्या जतन केलेल्या फाईलला नसते. आणि ती फाईल असते तरी केवढी? बहुधा ३२ किंवा ६४ किलोबाइट. मोबाईलवर काढलेल्या एका फोटोचा शंभरावा हिस्सा. मुलीचे वर्षभराचे शेत एवढ्याशा जागेत मावत होते, आणि तेवढीशी जागा जपणे आमच्याने झाले नाही.

हे यंत्र आले कोठून

ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकातले, त्यांना टीव्हीला जोडायचे सामुराई आणि मीडिया या नावांचे गेम आठवत असतील. भाड्याने कॅसेट आणायची आणि टीव्हीसमोर बसायचे. या सगळ्याचे मूळ जपानच्या निन्टेंडो कंपनीत आहे. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात सुरू झाली ती हाताने बनवलेले खेळायचे पत्ते विकण्यासाठी, म्हणजे एका कारागिराच्या दुकानातून. १९६५ साली तेथे गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीला लागला. काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. पुढे याच माणसाने १९८० चे गेम अँड वॉच आणि १९८९ चे गेम बॉय घडवले.

योकोईचे एक तत्त्व कारागिरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. नवे, महागडे तंत्र घेण्यापेक्षा जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या कामाला लावावे. गेम बॉयचा पडदा साधा, हिरवट, रंगाविना. त्याच सुमारास दुसऱ्या कंपन्यांनी रंगीत पडद्याची यंत्रे आणली, पण ती सहा सेल घेऊन काही तासांत संपवीत. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चाले आणि किमतीलाही कमी पडे. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक विकले गेले.

आजची तळहातावरची यंत्रे त्याच वाटेची आहेत. चीनच्या कंपन्या मोबाईल-टॅबलेटच्या बाजारातली स्वस्त चिप घेतात, छोटा पडदा लावतात आणि जुन्या गेम बॉयसारखी पेटी बनवतात. मियू मिनी हे यंत्र २०२१ च्या अखेरीस आले, ॲनबर्निकचे आरजी ३५ एक्सएक्स २०२२ च्या अखेरीस. त्यानंतर अशा यंत्रांची रांगच लागली.

माग आणि पत्ते

आता मुख्य मुद्दा. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे मालेगाव-इचलकरंजीच्या कोणत्याही विणकराला आम्ही एका वाक्यात सांगू शकतो. जॅकार्डचा माग पाहा. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची माळ मागावर चढवली. कोणता धागा वर उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, हे पत्त्यावरचे छिद्र ठरवते. माग तोच, विणकर तोच, माळ बदलली की बुट्टी बदलते. गेमच्या यंत्रात चिप म्हणजे माग आणि नखाएवढे मेमरी कार्ड म्हणजे पत्त्यांची माळ. कार्डावरची सिस्टीम बदलली की तेच यंत्र नव्या रीतीने चालू लागते.

कंपनी जी सिस्टीम देते ती बहुधा घाईने केलेली असते. म्हणून जगभरच्या जाणकार मंडळींनी आपल्या सवडीने, मोबदला न मागता, नव्या सिस्टीम लिहिल्या. बहुतेकांचा पाया १९९१ साली सुरू झालेला लिनक्स. नावे मात्र भाजीबाजारातली. मियू मिनीसाठी ओनियन, म्हणजे कांदा. आरजी ३५ एक्सएक्ससाठी गार्लिक, म्हणजे लसूण. पुढच्या यंत्रांसाठी मूओएस आणि नल्ली या आल्या. भाचा प्रथम म्हणाला, "मामू, लसूण टाकतोय," तेव्हा आम्हाला वाटले की स्वयंपाक चालला आहे.

नव्या सिस्टीमने काय मिळते? बॅटरीचा नेमका आकडा मिळतो, यंत्र बंद करताना गेम आपोआप जतन होतो, बटणे चटकन दाद देतात, पडदा व्यवस्थित बसतो. पण एक गोष्ट आम्ही भाच्याला बजावली आहे. ज्याचे यंत्र नीट चालते आणि जो समाधानी आहे, त्याला सिस्टीम बदलण्याचा आग्रह करायचा नाही. चालत्या मागाला उगाच हात लावू नये.

यंत्रांच्या दोन जाती

कारागिराने हा भेद आधी समजून घ्यावा, कारण धोका त्यावर अवलंबून आहे.

पहिल्या जातीत सगळी सिस्टीम कार्डावर असते, पोटात काही नसते. ॲनबर्निकची आरजी ३५ एक्सएक्स प्लस आणि एच ही यंत्रे अशी आहेत. येथे काम बिघडले तर यंत्र मरत नाही. कार्ड काढा, जुने घाला, यंत्र पूर्वीसारखे उठते. म्हणूनच जुने कार्ड जपायचे.

दुसऱ्या जातीत यंत्राच्या पोटातही थोडी मेमरी असते आणि तीत कंपनीचे फर्मवेअर बसवलेले असते. मियू मिनी या जातीचे. ओनियन कार्डावर राहते, पण पोटातले फर्मवेअर फार जुने असेल तर आधी ते बदलावे लागते. ते लिहिले जात असताना वीज गेली, चार्जरची पिन हलली किंवा मुलाने बटण दाबले, तर यंत्राचा दगड होऊ शकतो. मुळशीचा पाऊस वाचकांना माहीत आहे. ताम्हिणीकडून ढग उतरले की दिवे कधी जातील सांगता येत नाही. म्हणून पावसाळ्यात भाचा पोटातल्या फर्मवेअरचे काम इन्व्हर्टरवर आणि यंत्राची बॅटरी भरलेली असतानाच करतो, नाहीतर सरळ "उद्या या" म्हणतो.

सिस्टीम कार्डावर घालण्याच्याही दोन रीती आहेत. ओनियनसारख्या सिस्टीममध्ये फाईली नुसत्या कार्डावर उतरवायच्या असतात. गार्लिक, मूओएस यांच्यात मात्र पूर्ण कार्डाचा साचा एका सॉफ्टवेअरने कार्डावर लिहायचा असतो, आणि तो लिहिताना कार्डाचे जुने वाटपच पुसले जाते. पहिली रीत म्हणजे कपाटात नवा गठ्ठा ठेवणे. दुसरी म्हणजे कपाट रिकामे करून नवे कप्पे बसवणे. भाच्याने दुसरी रीत केली, पण मनात हिशेब पहिल्या रीतीचा होता. चूक तेथे झाली.

आणखी एक गोष्ट कापडवाल्याला लगेच कळेल. एकाच नंबरच्या कापडाचा नवा लॉट आला की शेड थोडी हलते. तसे या यंत्रांचेही होते. पेटीवर नाव तेच, पण नंतरच्या लॉटमध्ये कंपनीने पडदा बदललेला असतो. अशा यंत्रात जुनी सिस्टीम घातली तर आतून सगळे चालते, पडदा मात्र काळा. गिऱ्हाईक म्हणते यंत्र जळाले. जळालेले काही नसते. त्या लॉटला चालणारी नवी आवृत्ती शोधावी लागते. म्हणून नुसते मॉडेलचे नाव विचारून थांबू नये, केव्हा घेतले तेही विचारावे.

कामाची रीत

त्या संध्याकाळनंतर आम्ही भाच्याच्या टेबलासमोर एक कागद चिकटवला. त्यावर जे लिहिले ते येथे देतो. कोणाही भावाने ते आपल्या दुकानी लावावे.

१. आधी विचारा. या यंत्रात तुमचे जपण्यासारखे काय आहे? कोणते गेम अर्धे खेळलेले आहेत? हा प्रश्न न विचारता यंत्र ठेवून घेऊ नये.

२. गिऱ्हाइकाकडूनच प्रत्येक गेम गेमच्या आत जतन करून घ्या. जतन करण्याचे दोन प्रकार असतात. एक गेमचा स्वतःचा, जुन्या कॅसेटमध्ये बटण-सेलवर टिकणारा असे तसा. दुसरा यंत्राच्या सिस्टीमचा, जो त्या क्षणाचे चित्र गोठवून ठेवतो. पहिला प्रकार एका सिस्टीममधून दुसरीत बहुधा सुखरूप जातो. दुसरा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी बांधलेला असतो आणि नव्या सिस्टीममध्ये अनेकदा उघडत नाही. दुसऱ्यावर विसंबून राहू नये.

३. यंत्र रीतसर बंद करा, मगच कार्ड काढा. चालू यंत्रातून कार्ड ओढले तर फाईल अर्धवट राहते.

४. जुन्या कार्डाची पूर्ण नक्कल संगणकावर घ्या. शिवाय जतन केलेल्या फाईलींचा फोल्डर वेगळा काढा. ही नक्कल काम संपल्यानंतर पंधरा दिवस ठेवा, मग पुसून टाका. गिऱ्हाइकाची वस्तू आपल्याकडे कायमची राहता कामा नये.

५. नवी सिस्टीम नव्या कार्डावरच लिहा. जुन्या कार्डाला हात लावायचा नाही. ते पाकिटात घालून, नाव आणि तारीख लिहून गिऱ्हाइकाला परत द्यायचे.

६. सिस्टीमची फाईल ती बनवणाऱ्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या. फाईलबरोबर अंक-अक्षरांची एक लांब खूण दिलेली असते. उतरवलेल्या फाईलची खूण तिच्याशी ताडून पाहा. गठ्ठ्यावरचे सील पाहून माल उतरवतो, तसेच हे.

७. लिहून झाल्यावर तपासणी करू द्या. यंत्रात कार्ड घालून पहिल्यांदा सुरू केले की काही मिनिटे पडद्यावर हालचाल दिसत नाही. त्या वेळी सिस्टीम कार्डाची उरलेली जागा ताब्यात घेत असते. घाबरून बंद करू नये. चहा प्यावा.

८. जतन केलेल्या फाईली नव्या सिस्टीमच्या योग्य फोल्डरात घाला. फाईलचे नाव आणि गेमचे नाव एकच असले पाहिजे, नाहीतर गेम तिला ओळखत नाही.

९. गिऱ्हाइकासमोर त्याचा अर्धा खेळलेला गेम उघडून दाखवा. तो दिसल्याशिवाय मजुरी घेऊ नका.

या नऊ कलमांना सारा मिळून दीड तास लागतो, आणि त्यातला बराच वेळ यंत्र आपापले काम करत असते. भाच्याने त्या दिवशी वाचवला तो वेळ अर्ध्या तासाहून जास्त नव्हता.

मापात पाप

या धंद्यात सर्वात जास्त फसवणूक मेमरी कार्डात आहे. वरती छापलेले असते १२८ जीबी, आत जागा असते ८ किंवा १६. आतल्या चिपला असे खोटे बोलायला शिकवलेले असते की संगणकही फसतो. भरत जा, सगळे जाते असे दिसते. खरी जागा संपली की पुढचे लिहिलेले हवेत जाते किंवा जुन्यावर चढते. महिन्याभराने गिऱ्हाईक येते, "गेम उघडत नाहीत."

कापडवाल्याचा गज आखूड असला तर आपण त्याला काय म्हणतो? कुरआनात माप मारणाऱ्यांवर एक पूर्ण सूरह आहे, ८३ वी. आम्ही शाळेत असताना ती तराजू आणि मापाशी जोडून शिकलो. आता कळते की तराजू बदलला, गुन्हा तोच आहे.

उपाय सोपा आहे. एचटू-टेस्ट-डब्ल्यू आणि एफ-थ्री अशी फुकट सॉफ्टवेअरे मिळतात. ती कार्ड शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरतात आणि पुन्हा वाचून पाहतात. कार्ड खोटे असेल तर लगेच उघडे पडते. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून जावे. भाच्याने एका पुरवठादाराकडून वीस कार्डे आणली होती, त्यातली सात खोटी निघाली. ती आम्ही दुसऱ्या कोणाला विकली नाहीत, तोडून टाकली. नुकसान सोसले. तेव्हापासून कार्ड बिलावर, नावाच्या कंपनीचेच घेतो आणि बिलाच्या भावानेच गिऱ्हाइकाला लावतो. नफा मजुरीत घ्यायचा.

यंत्रासोबत येणारे कार्डही पुष्कळदा बिनानावाचे असते आणि वर्ष-दोन वर्षांत दम तोडते. म्हणून यंत्र नवे असतानाच त्याची नक्कल घ्यावी, हा सल्ला प्रत्येक गिऱ्हाइकाला देण्यासारखा आहे.

दहा हजार गेमचे कार्ड

काम थोडे नावारूपाला आले तेव्हा एक मनुष्य दुकानी आला. त्याच्याकडे भरलेली कार्डे होती, दहा हजार गेम एका कार्डावर. "तुम्ही फक्त विका, दुप्पट मिळतील." भाच्याचे डोळे चमकले. तो गेल्यावर भाचा म्हणाला, "मामू, सगळेच विकतात. कोण धरतो?"

आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅमही येतो, आणि गेम म्हणजे प्रोग्रॅमच. ज्याने प्रत रीतसर घेतली आहे त्याला ती हरवू नये म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा कलम ५२ देते. पण दुसऱ्याचे गेम उतरवून विकणे हा कलम ६३ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. गेम जुना झाला, कंपनी आता विकत नाही, म्हणून तो बेवारस होत नाही. आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. गेम चालवणारे सॉफ्टवेअर, ज्याला इम्युलेटर म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी. इम्युलेटर बनवणे हाच गुन्हा नव्हे, असे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली धरले. पण त्यातल्याही काहींच्या अटी वाचाव्या लागतात. स्नेस नाइन एक्स किंवा जेनेसिस प्लस जीएक्स हे धंद्यासाठी वापरायला त्यांच्या लेखकांची मनाई आहे. म्हणून आम्ही सॉफ्टवेअर विकत नाही. गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, त्याच्या सांगण्यावरून, ते बसवण्याची मजुरी घेतो आणि पावतीवर तसे लिहितो.

दुसरी गोष्ट पैठणीची. यंत्रमागावरचा माल हातमागाची पैठणी म्हणून कोणी विकला तर येवल्याचा विणकर काय म्हणेल? त्याच्या हुनराची चोरी झाली असेच म्हणेल. मग गेम लिहिणारा जपानचा असो की अमेरिकेचा, त्याचा हुनर हुनर नव्हे काय? आपल्या कारागिराची नक्कल झाली की आपण ओरडायचे आणि दुसऱ्याची नक्कल विकून पोट भरायचे, हे आम्हाला जमणार नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ही यंत्रे अनेकदा गेम भरूनच येतात. गिऱ्हाइकाच्या कार्डावर काय आहे याची झडती आम्ही घेत नाही, पण त्यात एकाही गेमची भर घालत नाही. एवढ्याने आमचे मन पूर्ण निर्धास्त झाले आहे असे नाही. ज्यांना गेम हवेत त्यांना लेखकांनी स्वतः मोकळे सोडलेले गेम सुचवतो. फ्रीडूमसारखे असे पुष्कळ आहेत.

यंत्रे आणून विकण्याचा विचार करणाऱ्यांना एक इशारा. सरकारने २०१२ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या सक्तीच्या नोंदणीची जी पहिली १५ वस्तूंची यादी काढली, तीत व्हिडिओ गेम होते. ब्यूरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सची नोंदणी नसलेला माल पार्सलने मागवून काउंटरवर मांडला तर माल जप्त होण्याची भीती आहे. दुरुस्तीच्या कामाला ही अडचण नाही. आमच्या मते लहान दुकानदाराने दुरुस्तीतच राहावे.

काही बुजुर्ग विचारतील, हा वेळ वाया घालवण्याचा धंदा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि फतवा देणे आमचे काम नव्हे. आम्ही आपली हद्द ठरवली आहे. पैसे लावून खेळण्याच्या कोणत्याही यंत्राला वा ॲपला हात लावायचा नाही. पैशांच्या ऑनलाइन गेमवर तर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली. या छोट्या यंत्रात ना पैसा लावायचा असतो, ना जाहिरात येते, ना अनोळखी माणूस मुलाशी बोलतो. मोबाईलपेक्षा हे बरे, असे म्हणणारे आईबापही आमच्याकडे येतात.

शेवटचा हिशेब

तीनशे रुपये मजुरी, आठवड्याला चार-पाच यंत्रे. यातून घर चालत नाही, पण मोबाईलच्या कामाला हातभार लागतो. ज्याला काचा बदलणे, पिन बसवणे येते, त्याला हे महिन्याभरात येईल. भांडवल म्हणजे एक साधा संगणक, कार्ड वाचण्याचे यंत्र आणि सबुरी. पहिली दोन विकत मिळतात.

जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी ते पिरंगुटचे गृहस्थ पुन्हा आले. आमच्याकडे नव्हे, कापडाकडे. मुलीच्या गणवेशाचे कापड हवे होते. आम्ही थान उलगडले, मोजून चार बोटे जास्तच फाडले. भाचा आपल्या टेबलावरून उठून आला आणि मुलीला विचारले, "नवं शेत केलंस का?" ती म्हणाली, "केलं. पण गाय अजून नाही घेतली." वडील थोडे हसले. यंत्र मात्र त्यांनी पुन्हा आमच्याकडे दिलेले नाही. आम्ही मागितलेही नाही. भरवसा वाराने कापून देता येत नाही. तो एकेक धाग्याने विणावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

त्यांच्या कारखान्यातले दोन सोबती मात्र पुढच्या महिन्यात आपली यंत्रे घेऊन आले. कोणी पाठवले ते आम्ही विचारले नाही. भाच्याने यंत्र हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "दादा, यात तुमचं जपण्यासारखं काय आहे?"

गिऱ्हाइकाची वस्तू लहान असो वा मोठी, ती आपल्याकडे असेपर्यंत अमानत आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या हातांना हुनर, जिभेला सचोटी आणि रोजीला बरकत देवो. आमीन.